एकूण क्रोमियम मोजून काय कळतं?

पंचगंगेत मासे मेल्याची बातमी आली की प्रदूषणाची चर्चा सुरू होते आणि पहिल्या पावसाबरोबर ओसरते. मासे तडफडतात ते बहुतेक वेळा पाण्यातला ऑक्सिजन संपल्यामुळे. सांडपाणी किंवा मळी नदीत आली की ती खाणारे जिवाणू ऑक्सिजन ओढून घेतात. पण मासे जिवंत आहेत म्हणून पाणी ठीक आहे, हे मात्र खरं नव्हे. धातूंचं विष अशी वर्दी देत नाही. वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं, हा समज मैल्याबाबत थोडाफार टिकेल, धातूबाबत मुळीच नाही. धातू कुजत नाही. तो जागा बदलतो, नाहीतर रूप बदलतो.

आणि रूपावरच सगळं अवलंबून आहे. उदाहरण क्रोमियमचं घेऊ. कोल्हापूरसारख्या इंजिनिअरिंगच्या गावात 'हार्ड क्रोम' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हायड्रॉलिक सिलिंडरचा रॉड झिजू नये म्हणून त्यावर क्रोमियमचा थर चढवतात. त्यासाठीच्या द्रावणाच्या टाकीत, म्हणजे बाथमध्ये, लिटरला सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड असतं. त्यातलं क्रोमियम षट्‌संयुजी, म्हणजे क्रोम-६. चामडं कमावायला वापरतात ते क्रोमियम त्रिसंयुजी, म्हणजे क्रोम-३. (आकडा म्हणजे अणूने गमावलेले इलेक्ट्रॉन.) (अस्सल कोल्हापुरी चपलेच्या कातड्याला तेही लागत नाही. ते बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलं जातं.) आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली क्रोम-६ ला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. क्रोम-३ त्या गटात नाही.

मूलद्रव्य एकच असताना इतका फरक का? पाण्यात क्रोम-६ हा क्रोमेट आयन म्हणून असतो: मधे क्रोमियम, चार कोपऱ्यांना चार ऑक्सिजन, दोन ऋण प्रभार. सल्फेटचीही ठेवण नेमकी अशीच, फक्त मधे गंधक. पेशीला सल्फेट हवं असतं, म्हणून तिच्या आवरणात ते आत घेणाऱ्या प्रथिनांच्या वाटा असतात. या वाटा आकार आणि प्रभार पाहतात, मधला अणू पाहत नाहीत. क्रोमेट बिनदिक्कत आत जातं. क्रोम-३ भोवती सहा पाण्याचे रेणू घट्ट चिकटलेले असतात आणि ते सहज सुटत नाहीत, त्यामुळे तो बहुतांशी बाहेरच राहतो.

खरा घात आत गेल्यावर होतो. पेशीतलं क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन नावाचा रक्षक रेणू क्रोम-६ ला इलेक्ट्रॉन देतात. तो पायऱ्यापायऱ्यांनी क्रोम-५, क्रोम-४ होत शेवटी क्रोम-३ होतो. मधल्या पायऱ्यांवर अतिक्रियाशील कण तयार होतात. शेवटी उरलेल्या क्रोम-३ ला बाहेर पडायला वाट नसते. तो डीएनएच्या फॉस्फेटला चिकटतो, कधी अमिनो आम्लाला किंवा क जीवनसत्त्वालाच डीएनएशी जखडतो, आणि पेशी विभागताना तिथे नक्कल चुकते. म्हणजे बाहेर जवळपास निरुपद्रवी असलेलं रूपच आत तयार झालं की घातक ठरतं. जठरात आम्ल आणि अन्न मिळून बरंचसं क्रोम-६ पेशीत शिरण्याआधीच क्रोम-३ करून टाकतात, पण त्या क्षमतेला मर्यादा आहे. फुप्फुसात ही सोय फारच तोकडी. प्लेटिंगच्या टाकीत बहुतांश वीज हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात खर्च होते. ते फुटले की क्रोमिकचे तुषार उडतात. नाकाच्या पडद्याला भोक पडणं हा या कामातला जुना आजार आहे.

'डिटॉक्स' गोळ्या विकणाऱ्यांकडे यावर उतारा नाही. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवल्याने काही जिवाणू मरतात, क्रोमेट तसंच राहतं. पाणी उकळलं तर ते आटून क्रोमेटचं प्रमाण उलट वाढतं.

सांडपाण्यातलं क्रोम-६ काढायची रीत जुनी आणि स्वस्त आहे. ॲसिड घालून पीएच (तो जितका कमी तितकं पाणी आम्ल) २ ते २.५ वर आणायचा आणि एक ग्रॅम क्रोम-६ ला साधारण तीन ग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं. पिवळं पाणी हिरवट होतं, म्हणजे क्रोम-६ चं क्रोम-३ झालं. मग चुना घालून पीएच ८.५ च्या आसपास न्यायचा, की हायड्रॉक्साइडचा साका खाली बसतो. चुका इथेच होतात. ॲसिड वाचवायला पीएच ४ वरच थांबवला तर क्रिया रेंगाळते आणि क्रोम-६ शिल्लक राहतं. चुना जास्त झाला तर साका पुन्हा विरघळू लागतो. इतर धातूंच्या प्लेटिंगमधल्या सायनाइडच्या लाइनचं पाणी साफ करायला वापरलेलं हायपोक्लोराइट या साक्यात आलं तर क्रोम-३ पुन्हा क्रोम-६ होऊ शकतं. आणि सायनाइडचं पाणीच या ॲसिडच्या टाकीत आलं तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. म्हणून दोन्ही लाइन वेगळ्याच हव्यात.

आता कायद्याकडे. नदीत सोडायच्या सांडपाण्याला आपल्याकडे क्रोम-६ साठी लिटरला ०.१ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियमसाठी २ मिलिग्रॅम मर्यादा आहे. पिण्याच्या पाण्याच्या मानकात मात्र फक्त एकूण क्रोमियम आहे, ०.०५ मिलिग्रॅम. रूप विचारलेलंच नाही. जिथे विचारलंय तिथे नमुना घेताना पुरावा नष्ट होऊ शकतो. एकूण धातूंसाठी बाटलीत नायट्रिक ॲसिड घालतात. पाण्यात सेंद्रिय घाण असेल तर त्या आम्लात क्रोम-६ चं क्रोम-३ होतं. क्रोम-६ साठी वेगळी बाटली, ॲसिडविना, थंड ठेवून २४ तासांच्या आत तपासायला हवी. डायफिनाइलकार्बाझाइड घातलं की येणारा जांभळा रंग ५४० नॅनोमीटरवर मोजतात.

दुसरी पळवाट पातळ करण्याची. बाथच्या एका लिटरमध्ये १३० ग्रॅम क्रोमियम असतं. त्यात १३ लाख लिटर पाणी मिसळलं की ते ०.१ च्या मर्यादेत बसतं, पण १३० ग्रॅममधला एक ग्रॅमही कमी झालेला नसतो. म्हणून नमुना सगळं पाणी एकत्र होतं त्या गटारावर नाही, क्रोम लाइनच्या तोंडाशीच घ्यायला हवा.

एकेक रसायन हेरून बंदी घालण्यानेही भागत नाही. क्रोमिकचे तुषार दबावेत म्हणून बाथमध्ये पीएफओएस नावाचा फेस आणणारा पदार्थ घालत. तोच निसर्गात न विघटणारा निघाला आणि २००९ साली अशा टिकून राहणाऱ्या प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात आला. युरोपात २००७ पासून रसायन बाजारात आणणाऱ्यालाच आधी त्याची माहिती द्यावी लागते, आणि सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमिक ॲसिड परवानगीशिवाय वापरता येत नाही. आपल्याकडे असा सर्वसमावेशक नियमांचा मसुदा २०२० पासून चर्चेत आहे.

तोवर एक तपासणी सध्याच्या कागदांवरही करता येईल, ती म्हणजे हिशेब. १०० किलो क्रोमिक विकत घेतलं म्हणजे ५२ किलो क्रोमियम आलं. जॉबवर, म्हणजे थर दिलेल्या वस्तूंवर, किती चढलं ते थराच्या जाडीवरून काढता येतं. उरलेल्या प्रत्येक किलोमागे कोरड्या हायड्रॉक्साइडचा जवळपास दोन किलो साका घातक कचरा पाठवताना भरायच्या 'फॉर्म १०' च्या पावत्यांवर दिसायला हवा. खरेदीची बिलं आणि या पावत्या शेजारी ठेवल्या की न जुळणारे किलो कुठे गेले, हा प्रश्न कारखान्याला विचारता येतो.