लार्मर ट्री: बाग आणि खंदकातली माती

दक्षिण इंग्लंडमध्ये विल्टशर आणि डॉर्सेट या परगण्यांच्या सीमेवर, टॉलर्ड रॉयल या खेड्याजवळ लार्मर ट्री नावाची व्हिक्टोरियन काळातली बाग आहे. जनरल ऑगस्टस पिट रिव्हर्स यांना १८८० मध्ये येथील विस्तीर्ण जहागीर वारशाने मिळाली, त्याच वर्षी त्यांनी बाग उभारायला घेतली आणि १८८५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. प्रवेशाला पैसे पडत नसत. सहलीला येणाऱ्यांना खुर्च्या, ताटल्या आणि काटे-चमचेही विनामूल्य मिळत. संध्याकाळी रंगीत काचेचे हजारो दिवे लागत आणि त्या प्रकाशात मोकळ्यावर नाच चाले. १८९९ या एका वर्षात ४४,००० हून अधिक माणसे या आडगावी आली.

हिरवळीवरचे रोमन मंदिर आणि नेपाळी धाटणीची इमारत आजही लक्ष वेधून घेतात. मला मात्र ही बाग पाहताना तिच्या निर्मात्याचे दुसरे काम, म्हणजे पुरातत्त्वीय उत्खनन, सतत आठवते. जवळच फार्नम येथे त्यांनी वस्तुसंग्रहालय उभारले होते आणि करमणुकीसाठी आलेल्या कष्टकऱ्यांनी तेही पाहावे, अशी त्यांची इच्छा होती. सामान्य माणसांच्या वापरातल्या वस्तूंनाच ते इतिहासाचा खरा पुरावा मानत. इतर संशोधक सुंदर आणि दुर्मीळ वस्तूंच्या मागे असताना त्यांनी खापरे, हाडे, खिळे नेमके कोठे आणि किती खोलीवर सापडले, याची नोंद ठेवली.

या परिसरातला खडक खडूचा, पांढरा असल्यामुळे जुन्या खंदकांत साचलेली गडद माती त्यात स्पष्ट उठून दिसते. पण ती साचायला किती काळ लागतो? वॉर बॅरो या प्राचीन दफनटेकडीभोवतीचा खंदक त्यांनी १८९३-९४ मध्ये खणला, तो उघडा राहू दिला आणि चार वर्षांनी त्यात पुन्हा खणून पाहिले. कडेचा खडू दंव आणि पावसाने ढासळून तळाशी भराभर साचला होता. म्हणजे खंदकाच्या तळाचा थर फार थोड्या काळात तयार होतो, हे प्रत्यक्ष प्रयोगाने समजले. प्रायोगिक पुरातत्त्वाच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक आहे.

पिट रिव्हर्स १९०० मध्ये वारले आणि बाग बंद पडली. ती पुन्हा उघडली १९९५ मध्ये. त्यांची पद्धत ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी पुढे नेली. व्हीलर यांच्या डॉर्सेटमधील मेडन कासल या प्राचीन टेकडीकिल्ल्याच्या उत्खननात काम शिकलेले पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि त्यांच्या काळात सुरू झालेल्या इनामगावच्या उत्खननात घोड नदीकाठच्या प्राचीन शेतकऱ्यांच्या मातीच्या घरांतून जवाचे जळके दाणेही तितक्याच काळजीने वेचले गेले.