सहा महिन्यांची मुदत आणि ओना जज

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्राद्वारे आपल्या गुलामांना मुक्त केले, असे नेहमी सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. 1799 मध्ये माउंट व्हर्नन या त्यांच्या व्हर्जिनियातील जहागिरीवर तीनशेहून अधिक गुलाम होते आणि त्यांपैकी वॉशिंग्टन यांच्या स्वतःच्या मालकीचे जेमतेम सव्वाशे. दीडशेहून अधिक गुलाम त्यांच्या पत्नी मार्था यांचे पहिले पती डॅनियल पार्क कस्टिस यांच्या मिळकतीतले होते. कस्टिस मृत्युपत्र न करता वारल्यामुळे त्या मिळकतीच्या एक-तृतीयांश हिश्श्याचा मार्था यांना फक्त तहहयात उपभोग घेता येत होता. त्यातील गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार ना त्यांना होता, ना त्यांच्या दुसऱ्या पतीला. ओना जज या दुसऱ्या गटातली. तिचे वडील करारावर आलेले गोरे शिंपी होते, पण आई बेटी गुलाम होती, आणि मूल आईच्या दर्जाचे मानले जात असल्याने ओनाही जन्मतः गुलाम ठरली.

1790 मध्ये राजधानी पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फियाला आली आणि मार्था यांची खासगी दासी म्हणून ओना अध्यक्षांच्या तिथल्या निवासस्थानी राहू लागली. पेनसिल्व्हेनियाने गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणारा कायदा 1780 मध्येच केला होता. त्यानुसार बाहेरच्या मालकाने राज्यात आणलेला गुलाम सलग सहा महिने तिथे राहिला, तर त्याला स्वातंत्र्य मागता येत असे. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांना यातून सूट होती; अध्यक्षांचा उल्लेख नव्हता, आणि तो असण्याचे कारणही नव्हते, कारण कायदा झाला तेव्हा ते पदच अस्तित्वात आले नव्हते. 1791 च्या एप्रिलमध्ये ॲटर्नी जनरल एडमंड रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टन कुटुंबाला सावध केले, कारण खुद्द त्यांचे गुलाम याच तरतुदीचा आधार घेऊन मोकळे झाले होते. त्यानंतर वॉशिंग्टन यांनी सचिव टोबायस लिअर यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. मुदत भरण्यापूर्वी गुलामांना राज्याबाहेर न्यावे, आणि त्यासाठी गुलामांना व जनतेला दोघांनाही खरे कारण कळणार नाही अशी सबब शोधावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्या काळच्या रूढीकडे बोट दाखवून अध्यक्षांचा बचाव केला जातो. पण ही लपवाछपवी पाहता, आपण काय करत आहोत याची त्यांना पुरेपूर कल्पना होती असेच म्हणावे लागते. 1793 मध्ये फरारी गुलामांना पकडून परत नेण्याचा हक्क मालकांना देणाऱ्या कायद्यावरही त्यांनीच सही केली.

1796 च्या वसंतात कुटुंब व्हर्जिनियाला परतण्याची तयारी करत असताना, आपल्याला मार्था यांच्या नातीला, एलिझा कस्टिस लॉ हिला, देऊन टाकण्यात येणार असल्याचे ओनाला कळले. शहरातील कृष्णवर्णीय ओळखीच्यांकडे तिने आपले सामान आधीच पोहोचवले आणि 21 मे रोजी घरचे लोक जेवायला बसलेले असताना ती बाहेर पडली. दोन-तीन दिवसांत निवासस्थानाचे कारभारी फ्रेडरिक किट यांच्या नावाने वृत्तपत्रात जाहिरात आली: अंगावर पुष्कळ वांग, डोळे काळेभोर, केस दाट, शोधून आणणाऱ्यास दहा डॉलर इनाम. पळून जाण्यास तिला काहीच कारण नव्हते, असेही त्यात नमूद केले होते. जहाजांच्या कप्तानांना तिला चढू न देण्याची ताकीद होती. ती मात्र कप्तान जॉन बोल्स यांच्या ‘नॅन्सी’ या जहाजातून न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथला पोहोचली. बोल्स यांचे निधन होईपर्यंत तिने त्यांचे नाव कोणालाही सांगितले नाही.

सिनेटर जॉन लँग्डन यांच्या मुलीने तिला तिथे ओळखले आणि बातमी फिलाडेल्फियाला गेली. तेव्हा अध्यक्षांनी न्यायालयाचा मार्ग न धरता अर्थमंत्री ऑलिव्हर वॉलकॉट यांच्यामार्फत पोर्ट्समथचे जकात अधिकारी जोसेफ व्हिपल यांना कामाला लावले. घरच्या खासगी कामासाठी सरकारी यंत्रणा राबवली गेली ती अशी. व्हिपल यांनी ओनाला पकडून न पाठवता तिच्याशी बोलून कळवले की तिला कोणी फूस लावलेली नाही, तिला पूर्ण स्वातंत्र्य हवे आहे. मालक-मालकिणीच्या पश्चात मुक्त करण्याचे वचन मिळाले तर ती परतेल. अशी तडजोड मुळीच मान्य होण्यासारखी नाही, असे वॉशिंग्टन यांनी उत्तर दिले. मात्र बंदरावर जमाव खवळेल असे काही करू नये, असेही त्यांनी बजावले. 1799 मध्ये मार्था यांचे भाचे बर्वेल बॅसेट तिला न्यायला आले. लँग्डन यांच्या घरून तिला वेळीच सूचना मिळाली आणि ती निसटली.

तोपर्यंत तिचे जॅक स्टेन्स या खलाशाशी लग्न झाले होते. पुढे तिला तीन मुले झाली आणि कायद्याने तीही कस्टिस वारसांचीच मालमत्ता होती. 1845 मध्ये एका वृत्तपत्राशी बोलताना, पळून आल्याचा पश्चात्ताप वाटत नाही, असे तिने सांगितले. 1848 च्या फेब्रुवारीत ती वारली, तेव्हाही कागदोपत्री ती फरारी गुलामच होती. दोन वर्षांनी अध्यक्ष मिलार्ड फिलमोर यांनी फरारी गुलामांविषयीच्या अधिक कडक कायद्यावर सही केली. पकडण्याचे काम करण्यास नकार देणाऱ्या मार्शलला, म्हणजे केंद्र सरकारच्या अंमलबजावणी अधिकाऱ्याला, त्यात एक हजार डॉलर दंड होता. व्हिपल यांच्यासारखी चालढकल करण्याची मुभा आता सरकारी अधिकाऱ्यांना उरली नाही.