एका रेघेचा येशू: ‘हात न उचलता’ काढला नव्हता

नाकाच्या शेंड्यापासून निघालेली एकच रेघ गोल गोल फिरत जाते आणि त्यातून काट्यांचा मुकुट घातलेला येशूचा चेहरा उमटतो. क्लोद मेलाँ या फ्रेंच कोरीवकाराचं हे 1649 सालचं मुद्राचित्र. ‘एकदाही हात न उचलता पेनाने काढलेलं चित्र’ म्हणून ते फॉरवर्ड होत असतं.

रेघ एकच आहे, हे खरंच. बाकीचं मात्र खोटं.

मुळात यात पेन नाहीच. तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीने चर कोरून त्यात शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओला कागद दाबून ठसा घ्यायचा, असं हे काम. कोरणी पुढे ढकलावी लागते. वळण घ्यायचं तर हातापेक्षा पत्राच फिरवतात. तांब्याची कीस निघते, ती खरवडावी लागते. धार जाते, ती परत लावावी लागते. आता सांगा, हात न उचलता हे कसं जमणार?

खरी करामत रेघेच्या जाडीत आहे. डोळ्याखालची सावली जवळून बघा: तिथे आडव्यातिडव्या रेघांची जाळी नाही. तीच रेघ तिथे रुंद होते, गालाच्या उजेडात केसासारखी बारीक होते. चर रुंद करायला त्याच चरातून कोरणी पुन्हा फिरवतात. म्हणजे हा एका दमातला चमत्कार नव्हे, चिकाटीचं काम आहे.

खाली लॅटिनमध्ये कोरलंय, त्याचा भावार्थ: ‘एकमेव तो, एकीनेच घडला.’ ही ‘एकी’ म्हणजे एकजूट नव्हे, ‘ती एक’: म्हणजे रेघ, आणि येशूची आई कुमारी मरियासुद्धा! हा श्लेष मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.