क्रेडिट रिपोर्टमधली चुकीची नोंद दुरुस्त कशी करायची : अर्ज कुठे करायचा, कागदपत्रं कोणती, किती दिवस लागतात

लोन रिजेक्ट झालं की बरेच जण थेट सिबिलला, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोला, नावं ठेवतात. पण रिपोर्टमध्ये जे लिहिलेलं असतं ते बँकेने किंवा फायनान्स कंपनीने पाठवलेलं असतं, ब्युरो ते गोळा करून ठेवतं आणि त्यावरून ३०० ते ९०० मधला स्कोअर काढतं, लोन द्यायचं की नाही हे ब्युरो ठरवत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे २००५ च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांच्या कायद्यानुसार बँकेने दुजोरा दिल्याशिवाय ब्युरोला ती नोंद बदलताच येत नाही. हे मला उशिरा कळलं. माझं टू-व्हीलर लोन कधीच फिटलं होतं, एनओसी (लोन फिटल्याचं बँकेचं पत्र) हातात होती, तरी रिपोर्टमध्ये खातं चालू आणि वर थकबाकी, मी आपला ब्युरोच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकत राहिलो आणि दरवेळी उत्तर यायचं की बँकेच्या म्हणण्यानुसार माहिती बरोबर आहे. बँकेला लेखी तक्रार दिली तेव्हा कुठे गाडी हलली. म्हणून तक्रार दोन्हीकडे करा, एकाच दिवशी.

आधी रिपोर्ट काढा. भारतात रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असलेल्या चार ब्युरो कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यायचा असा नियम २०१७ पासून आहे, म्हणजे वर्षाला चार फुकट रिपोर्ट. साइटवर पैसेवाला प्लॅन आधी पुढे येतो, फुकटचा पर्याय शोधून घ्या. पॅन, जन्मतारीख, मोबाईलवर ओटीपी, एवढ्यात काम होतं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका.

अर्ज कोण करू शकतं? ज्याच्या नावावर नोंद आहे तो कोणीही. कर्जदार, क्रेडिट कार्डवाला, को-अ‍ॅप्लिकंट आणि जामीनदारसुद्धा, कारण जामीन राहिलेलं लोनही जामीनदाराच्या रिपोर्टमध्ये येतं आणि बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

कागदपत्रं चुकीवर अवलंबून आहेत. नाव, पत्ता, जन्मतारीख चुकली असेल तर पॅन, आधार किंवा पासपोर्ट. फिटलेलं लोन चालू दिसत असेल तर एनओसी किंवा नो ड्यूज सर्टिफिकेट आणि शेवटपर्यंतचं लोन स्टेटमेंट. हप्ता वेळेवर भरूनही उशीर दाखवला असेल, म्हणजे डीपीडीच्या (हप्त्याला किती दिवस उशीर झाला त्याच्या) रकान्यात शून्याऐवजी ३०, ६० असे आकडे असतील, तर त्या महिन्याचं बँक स्टेटमेंट. आणि तुम्ही घेतलंच नाही असं लोन दिसत असेल तर पोलीस किंवा सायबर तक्रारीची कॉपी जोडा, नुसतं 'हे माझं नाही' लिहून भागत नाही. अर्जात रिपोर्टवर असलेला त्याचा कंट्रोल नंबर आणि लोनचा खाते नंबर टाका, आणि तुमचा बँक खाते नंबर किंवा यूपीआय आयडी पण द्या, तो कशासाठी ते पुढे येतंय.

तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यातले २१ दिवस बँकेचे, तेवढ्यात तिने दुरुस्त माहिती ब्युरोला पाठवायची, उरलेल्या दिवसांत ब्युरोने ती चढवायची. ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई अर्जात दिलेल्या खात्यात मिळते, ज्याच्याकडून उशीर झाला त्याने ती द्यायची, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेने मुदतीत माहिती पाठवली आणि ब्युरोनेच उशीर केला तर ब्युरो देणार. म्हणून तक्रारीची तारीख आणि नंबर जपून ठेवा, फोनवर झालेलं बोलणं इथे उपयोगाला येत नाही. मात्र स्कोअर कमी का काढला अशी तक्रार असेल तर ही भरपाई लागू नाही, नोंद चुकीची असली पाहिजे.

एक गोष्ट नीट समजून घ्या. 'सेटल्ड' लिहिलेलं असेल आणि तुम्ही खरंच कमी रक्कम भरून सेटलमेंट केली असेल तर ती चूक नाही, डिस्प्यूट टाकून निघणार नाही. उरलेली रक्कम भरायची तयारी असेल तर बँकेशी बोला, पूर्ण भरून नो ड्यूज घ्या आणि मग स्टेटस बदलायला लेखी सांगा. पैसे घेऊन ब्युरोमधून नोंद पुसून देतो म्हणणाऱ्या एजंटच्या नादी अजिबात लागू नका, बँकेच्या दुजोऱ्याशिवाय त्याच्याही हातात काही नाही.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सप्टेंबर २०२२ पासून बँकांसोबत या ब्युरो कंपन्याही त्यांच्या कक्षेत आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार होते, फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो. भरपाई नाकारली तरी हाच रस्ता.

दुरुस्ती झाल्याचा मेल आला तरी रिपोर्ट पुन्हा उघडून बघा. आणि बँकेला दिलेल्या अर्जात चारही ब्युरोंची नावं लिहा, कारण एकीकडे नोंद बदलली म्हणून बाकी तिघांकडे बदललीच असेल असं नाही.