ऑक्सिजन सेन्सर बदलण्यामागचा इतिहास : लॉस एंजेलिसच्या धुरक्यापासून मराठवाड्यातल्या गॅरेजपर्यंत

मराठवाड्यातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी आज पेट्रोल मोटारीचा ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला, की गॅरेजमध्ये आधी स्कॅनर जोडला जातो आणि पडद्यावर ऑक्सिजन सेन्सरचे, म्हणजे इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाचे, नाव दिसले, की बहुधा तो भाग बदलायचे ठरते. दिवा काही दिवस विझतो, पुष्कळदा पुन्हा लागतो आणि हा महागडा सेन्सर टिकतच नाही, असा गाडीमालकाचा समज होऊन बसतो. तो दूर व्हायचा असेल, तर हा भाग मुळात कशासाठी तयार झाला आणि आपल्या भागात तो कोणत्या क्रमाने व किती उशिरा पोहोचला, हे पाहणे भाग आहे.

या सेन्सरचे मूळ मोटारीत नसून विजेच्या दिव्यात आहे. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये इट्रियमच्या ऑक्साइडसारखी भर घालून केलेली सिरॅमिकची कांडी वापरून एक दिवा तयार केला. ही कांडी थंड असताना वीज वाहू देत नसे, पण तापवली की तिच्यातून वीज वाहू लागे आणि ती प्रखर उजेड देई. तापलेल्या या सिरॅमिकमधून ऑक्सिजनचे आयन सरकतात, ही गोष्ट पुढच्या संशोधनाने स्पष्ट झाली. नेर्न्स्ट यांनीच १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार अशा भिंतीच्या दोन बाजूंना ऑक्सिजनचे प्रमाण वेगवेगळे असेल, तर त्या फरकातून विजेचा दाब निर्माण होतो. आजच्या सेन्सरच्या टोकाशी हेच तत्त्व काम करते. मात्र मोटारीला त्याची गरज पडायला आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली.

ती गरज कॅलिफोर्नियातल्या धुरक्याने निर्माण केली. लॉस एंजेलिसच्या हवेत डोळे चुरचुरतात, पिकांची पाने करपतात, याचे कारण गाड्यांच्या व कारखान्यांच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र येऊन ओझोन तयार करतात हे आहे, असे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. १९७० च्या अमेरिकी कायद्याने मोटारींच्या धुरातले घातक वायू सुमारे ९० टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य घातले आणि १९७५ च्या मॉडेलपासून तिथल्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातल्या घातक वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणारी पेटी, बसू लागले. पेट्रोलमधले शिसे कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनमचा थर निकामी करते, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही त्याच वेळी आणावे लागले.

खरी अडचण पुढेच होती. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन जाळून टाकायचे, तर कन्व्हर्टरमध्ये ऑक्सिजन हवा. नायट्रोजनची ऑक्साइडे मोडायची, तर तिथे ऑक्सिजन जवळपास नसावा. ही दोन्ही कामे एकाच कन्व्हर्टरकडून एकाच वेळी होतात, पण एका अगदी अरुंद पट्ट्यातच, म्हणजे एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा या प्रमाणाच्या आसपास. कार्बुरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेचा, स्क्रू कितीही जाणत्या हाताने फिरवला, तरी चढावर, उतारावर आणि गर्दीत हे प्रमाण इतके काटेकोर राहू शकत नाही. त्यासाठी धुरातला उरलेला ऑक्सिजन क्षणोक्षणी मोजून इंजिनला कळवणारे साधन हवे होते. जर्मनीच्या बॉश कंपनीने झिर्कोनियाचा सेन्सर तयार केला आणि १९७६ मध्ये व्होल्वोने अमेरिकेसाठीच्या २४० मालिकेच्या गाड्यांत तो तीन वायूंवर काम करणाऱ्या कन्व्हर्टरसह बसवला. व्होल्वोला त्याचा इतका अभिमान होता, की ‘लाम्डा सोंड’, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, अशी पट्टी त्या गाड्यांच्या पुढच्या जाळीवर लावलेली असे.

म्हणजे हा भाग मायलेज वाढवण्यासाठी किंवा पिकअप सुधारण्यासाठी आलेला नाही. कन्व्हर्टरला योग्य धूर मिळावा, एवढ्यासाठी तो आला. इंधनाची बचत हा त्याचा जोडफायदा आहे.

सेन्सरच्या टोकाला एका बाजूने बंद असलेली सिरॅमिकची छोटी नळी असते. तिच्या बाहेरून धूर वाहतो, आत बाहेरची स्वच्छ हवा असते आणि दोन्ही पृष्ठभागांवर प्लॅटिनमचा पातळ थर असतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले की सेन्सर सुमारे ०.९ व्होल्ट देतो, हवा जास्त झाली की ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो आणि इंजिनचा संगणक ०.४५ व्होल्टची सीमा धरून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. त्यामुळे चांगल्या सेन्सरचा आकडा कधीच एका जागी थांबत नाही. तो थांबला, तर शंका घ्यावी. सिरॅमिक ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय मात्र यातले काहीच होत नाही. सुरुवातीचे सेन्सर केवळ धुराच्या उष्णतेवर तापत आणि साधारण ५० ते ८० हजार किलोमीटरला बदलावे लागत. १९८२ मध्ये आत विजेची हीटर असलेला सेन्सर आला, तेव्हा त्याचे आयुष्य लाखाच्या पुढे गेले; अलीकडचे सेन्सर दीड लाख किलोमीटर सहज काढतात. १९९० च्या दशकात मिश्रणाचे प्रमाण रुंद पट्ट्यात मोजणारे सेन्सरही आले. त्यांच्या तारा आणि त्यांचा सिग्नल दोन्ही वेगळे असल्यामुळे जुन्या पद्धतीच्या सेन्सरच्या जागी ते बसवता येत नाहीत.

कन्व्हर्टरच्या पलीकडे, धूर बाहेर पडतो त्या बाजूला बसणारा दुसरा सेन्सर हा नंतरच्या नियमांचा परिणाम आहे. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून सांगण्याच्या व्यवस्थेचा, दुसरा टप्पा सक्तीचा झाला आणि कन्व्हर्टर खरोखर काम करतो की नाही, हे गाडीने स्वतःच तपासावे, असे ठरले. हा दुसरा सेन्सर त्या तपासणीचा साक्षीदार आहे. इंधनाचे प्रमाण प्रामुख्याने इंजिनकडचा पहिला सेन्सर ठरवतो. पी०४२० हा कोड आला, की दुसरा सेन्सर बदलण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यात ही गोष्ट विसरली जाते. तो कोड बहुतेक वेळा कन्व्हर्टरविषयी सांगत असतो आणि साक्षीदार बदलला म्हणून साक्ष बदलत नाही.

भारतात हा सगळा क्रम महानगरांपासून सुरू झाला. एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथे नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसेविरहित पेट्रोल सुरुवातीला ठरावीक शहरांत आणि ठरावीक पंपांवरच मिळे. देशभर शिसे बंद व्हायला फेब्रुवारी २००० उजाडले. त्याच वर्षी एप्रिलपासून ‘इंडिया २०००’ हे गाड्यांच्या धुराचे निकष सगळीकडे लागू झाले. त्याआधीच, १९९८ मध्ये आलेल्या सँट्रोसारख्या गाड्यांनी मल्टिपॉइंट इंजेक्शन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी पद्धत, मध्यमवर्गाच्या दारात आणले होते. पुढच्या काही वर्षांत नव्या मोटारींतून कार्बुरेटर जवळपास संपला.

मराठवाड्यात हा बदल झिरपायला आणखी वेळ लागला आणि त्याला इथल्या रस्त्यांवरच्या गाड्याही कारण होत्या. बीड, परभणी, हिंगोली, नांदेडच्या तालुक्यांत प्रवासी वाहतूक काळी-पिवळी जीपवर चालत असे. ती डिझेलची होती आणि त्या काळच्या डिझेल इंजिनात ऑक्सिजन सेन्सर नव्हताच. तालुक्याच्या मेकॅनिकचे पोट नोझल, फ्युएल पंप आणि क्लच प्लेटवर चाले. पेट्रोलची गाडी आली, तर ती मारुती ८०० किंवा ओम्नी. तिचा कार्बुरेटर उघडायचा, जेट फुंकून साफ करायचे आणि आवाजावरून मिश्रणाचा स्क्रू बसवायचा. ही मोठी कला होती आणि ज्यांनी ती कमावली, त्यांच्याविषयी मला आदर आहे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून चालू होता, शेंद्र्यात २००० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. तरी त्याच विभागातल्या तालुक्याच्या गॅरेजात स्कॅनर सहसा नसे आणि सेन्सरचा सिग्नल कसा वाचायचा, हे शिकवणारे कोणी नव्हते.

नियमांच्या टप्प्यांनी ही दरी आणखी रुंदावली. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४, म्हणजे भारत स्टेज या धुराच्या निकषांचा चौथा टप्पा, १३ शहरांना लागू झाला. त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूर होते, मराठवाड्यातले एकही शहर नव्हते. सोलापुरात नवी गाडी बीएस-४ लागे, तर तिथून अवघ्या ४५ किलोमीटरवर असलेल्या तुळजापुरात बीएस-३ चालत असे. बीएस-४ गाड्यांना २०१० पासून ओबीडीचा पहिला आणि २०१३ पासून दुसरा टप्पा लागू होता. म्हणजे गाडीने स्वतःचा दोष सांगण्याची सक्ती आपल्याकडे खऱ्या अर्थाने एप्रिल २०१७ मध्ये, बीएस-४ देशभर लागू झाले तेव्हा पोहोचली. पुढे तीनच वर्षांत एप्रिल २०२० चे बीएस-६ आले आणि बहुतेक नव्या दुचाकींतही इंजेक्शन व ऑक्सिजन सेन्सर बसले. पश्चिमेकडे चार दशकांत जे झाले, ते इथल्या मेकॅनिकला दहा-बारा वर्षांत पचवावे लागले. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर हाताशी आला, पण कोडचा अर्थ लावायला हवा तो सराव व्हायला उसंत मिळाली नाही. ‘कोडमध्ये ज्या भागाचे नाव, तो भाग बदला’ ही सवय त्यातून पडली, असे माझे मत आहे.

सेन्सर मरतो, पण बहुतेक वेळा त्याला काहीतरी मारते आणि काय मारले, हे काढलेल्या सेन्सरच्या टोकावर लिहिलेले असते. कोरडी काळी काजळी असेल, तर इंजिन जास्त पेट्रोल पीत होते. तेलकट काळपट थर असेल, तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल जळत होते. पांढरी भुकटी बहुधा सिलिकॉनची असते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळते, म्हणून त्यावर साधे सिलिकॉन फासले, की सुकताना निघणारी वाफ ब्रीदरच्या नळीतून इंजिनात जाते, जळते आणि सेन्सरवर वाळूसारखी बसते. म्हणूनच सेन्सरला न मारणारे सिलिकॉन वेगळे विकले जाते. हिरवट झाक असलेला दाणेदार पांढरा थर कूलंट जळत असल्याचा असतो. आपल्याकडे याची कडी थेट उन्हाळ्याशी जुळते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी भरत गेले, की आत क्षार धरतात, इंजिन तापते, हेड गॅस्केट जाते आणि उरलासुरला कूलंट सिलिंडरमध्ये जळू लागतो. अशा गाडीत नवा सेन्सर बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

बदलण्याचे काम स्वतः अवघड नाही, पण त्यातही इतिहास डोकावतो. आत बाहेरची हवा हवी, ही मूळ रचना टिकून असल्यामुळे अनेक सेन्सरमध्ये ती हवा तारांच्या वाटेने आत येते. म्हणून कनेक्टरवर ग्रीस किंवा साफसफाईचा स्प्रे मारायचा नसतो. बहुतेक गाड्यांत २२ मिलिमीटरचा पाना चालतो, तारेसाठी खाच असलेला सॉकेट मिळाला तर उत्तम. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारा नळ्यांचा जोड, कोमट असताना सेन्सर सुटतो, अगदी थंड असताना जोर लावला तर आटे निघतात. नव्या सेन्सरच्या आट्यांना उष्णता सोसणारी अँटी-सीझ पेस्ट लागते, टोकाला मात्र तिचा स्पर्श होता कामा नये. त्याआधी हीटरचा फ्यूज पाहावा, कारण कोड हीटरचा असेल, तर फ्यूज किंवा तुटकी तारही त्याला पुरते. सेन्सरच्या आधीचे मॅनिफोल्ड गॅस्केट फुटले असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर तीच मोजतो आणि संगणक नाहक पेट्रोल वाढवत राहतो.

याच चौकशीत आता इथेनॉलचीही भर पडली आहे आणि तिचा मराठवाड्याशी जवळचा संबंध आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि बरेली येथे झाले. २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. लातूर, धाराशिव, बीडच्या उसाला यातून नवे गिऱ्हाईक मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो आणि एक किलो इथेनॉल जाळायला जेमतेम ९ किलो हवा लागते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाला १४.७ ऐवजी साधारण १३.५ पट हवा पुरते. दहा टक्के मिश्रणासाठी बसवलेल्या गाडीत हे पेट्रोल भरले, की सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो आणि संगणक इंधन सुमारे चार टक्क्यांनी वाढवतो. चांगल्या स्थितीतल्या गाडीत ही वाढ निमूट सामावते. ज्या गाडीचा इंधन फिल्टर आधीच तुंबलेला आहे किंवा इनटेकची नळी चिरलेली आहे, तिच्यात मात्र हीच वाढ मर्यादेबाहेर जाऊन पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त असल्याचा कोड उमटू शकतो. अशा वेळी सेन्सर बरोबर सांगत असतो. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिमचा, म्हणजे संगणकाने इंधन कायमचे किती टक्के वाढवले-घटवले याचा, आकडा पाहिला आणि तो आयडलला जास्त पण रेस दिल्यावर कमी होत असेल, तर हवेची गळती शोधावी. रेस दिल्यावरच वाढत असेल, तर फिल्टर आणि पंपाचा दाब तपासावा.