लॅकोनिया, यू-१५६ आणि बचावकार्यावरची बंदी

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांचा विषय निघाला की बुडालेल्या जहाजावरच्या कुणाला वाचवू नका असं बजावणारा 'लॅकोनिया आदेश' हमखास निघतो. ज्याच्या कृतीमुळे तो आदेश निघाला त्या यू-१५६ या जर्मन पाणबुडीच्या कमांडरची, वेर्नर हार्टेनश्टाइनची, मात्र एका वाक्यात बोळवण होते.

माणूस १९०८ सालचा, जन्म सॅक्सनीतल्या प्लाउएनचा. गाव समुद्रापासून लांब आणि नाव लेसच्या धंद्यासाठी. नौदलात आल्यावर बरीच वर्षं टॉर्पेडो बोटींवर गेली. पाणबुडी दलात तो १९४१ मध्ये आला, म्हणजे तसा उशिराच, आणि त्याच सप्टेंबरात नवी कोरी यू-१५६ त्याच्या हाती आली. फेब्रुवारी १९४२ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या अरुबा बेटावरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यावर तोफ डागायच्या गडबडीत नळीच्या तोंडावरचं झाकण काढायचं राहून गेलं. पहिल्याच गोळ्याला नळी फुटली, एक खलाशी गेला आणि तोफखान्याच्या अधिकाऱ्याला पाय गमवावा लागला. पुढे फुटलेला भाग करवतीने कापून टाकला आणि तीच आखूड तोफ वापरात ठेवली. पाणबुडीच्या खाती एकूण २० जहाजं जमा आहेत. म्हणजे हा कमांडर कुणी साधुपुरुष नव्हता.

१२ सप्टेंबर १९४२ च्या रात्री दक्षिण अटलांटिकमध्ये त्याने 'लॅकोनिया'वर दोन टॉर्पेडो सोडले. जहाज ब्रिटिश, मूळचं प्रवासी, पण आता सैन्य वाहणारं, तोफा बसवलेलं आणि दिवे मालवून चाललेलं. त्यावर सुमारे २,७०० माणसं होती, त्यांतले १,८०० च्या आसपास इटालियन युद्धकैदी, खालच्या कोठारांत कोंडलेले. शत्रूचं मोठं जहाज बुडालं म्हणून पाणबुडी जवळ गेली, तर पाण्यातून इटालियन भाषेत मदतीच्या हाका येऊ लागल्या. मारले जात होते ते जर्मनीच्याच मित्रराष्ट्राचे सैनिक.

बचाव तिथून सुरू झाला, हे खरं. मित्रराष्ट्राची माणसं निघाली म्हणून त्याला दया आली, असा टीकाकारांचा आक्षेप असतो. पण वर घेतलेल्यांत ब्रिटिश होते, बायका होत्या, मुलं होती. १३ तारखेच्या पहाटे त्याने सांकेतिक लिपी बाजूला ठेवून उघड इंग्रजीत संदेश पाठवला. आपली जागा सांगितली, १९३ जणांना वर घेतल्याचं कळवलं आणि आपल्यावर हल्ला झाला नाही तर मदतीला येणाऱ्या जहाजावर आपण हल्ला करणार नाही, असा शब्द दिला. युद्ध चालू असताना पाणबुडीने स्वतःचा पत्ता शत्रूला देणं म्हणजे काय, हे वाचकाला सांगायला नको. वरिष्ठांनीही तेव्हा त्याला थांबवलं नाही, उलट यू-५०६, यू-५०७ आणि एक इटालियन पाणबुडी मदतीला धाडली. पश्चिम आफ्रिकेतल्या डाकारहून फ्रेंच जहाजंही निघाली.

१६ तारखेला अटलांटिकमधल्याच असेन्शन बेटावरून उडालेलं अमेरिकी लिबरेटर विमान वर आलं. पाणबुडीवर रेड क्रॉसचा मोठा झेंडा पसरलेला होता, मागे दोरखंडाने बांधलेल्या चार होड्या होत्या. वैमानिकाने तळाला विचारलं आणि उत्तर आलं की पाणबुडी बुडवा. विमान परत आलं, बॉम्ब टाकले आणि त्यांतला एक होड्यांमध्ये पडला. कमांडरने दोर तोडायला लावले, वरच्या माणसांना पाण्यात उतरवलं आणि डुबकी मारली. विमानाने पाणबुडी बुडाल्याची खबर दिली, ती चुकीची होती.

तळावरच्या अधिकाऱ्याची बाजूही ऐकायला हवी. बेटावरची धावपट्टी त्याच उन्हाळ्यात वापरात आली होती, ती गुप्त ठेवायची होती आणि मदतीला येणारी जहाजंही पाणबुडीच्या टप्प्यात होती. एवढं धरूनही खाली होड्या दिसत असताना दिलेला तो हुकूम पचत नाही. एकूण सुमारे १,१०० जण वाचले. मेलेल्यांत सर्वांत जास्त इटालियन कैदीच.

दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, जर्मन पाणबुडी दलाच्या प्रमुखाचा आदेश निघाला. बुडालेल्या जहाजांवरच्या कुणालाही पाण्यातून काढायचं नाही, उलटलेल्या होड्या सरळ करायच्या नाहीत, अन्नपाणी द्यायचं नाही. सवलत एवढीच की कप्तान आणि मुख्य अभियंत्याला कैद करण्याचे आधीचे आदेश कायम राहतील आणि ज्याची माहिती पाणबुडीला महत्त्वाची असेल त्याला वर घेता येईल. कारण असं दिलं होतं की बचाव हा शत्रूची जहाजं आणि खलाशी नष्ट करण्याच्या युद्धाच्या मूळ गरजेविरुद्ध जातो. युद्धानंतर जर्मन नेत्यांवर न्यूरेंबर्गला खटला चालला, तिथला वाद याच वाक्यावर रंगला. वाचवू नका इतकंच म्हणायचं होतं, की पोहणाऱ्यांना मारा असंही सुचवायचं होतं? पाणबुड्यांच्या एका तुकडीच्या जर्मन प्रमुखाने दुसऱ्या अर्थाच्या बाजूने साक्ष दिली. यू-८५२ च्या कमांडरने मार्च १९४४ मध्ये ग्रीक जहाज 'पेलेउस' बुडवून तराफ्यांवर गोळीबार केला होता. त्याबद्दल नोव्हेंबर १९४५ मध्ये त्याच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी झाली.

न्यायाधिकरणाने मधला रस्ता धरला. मुद्दाम ठार मारायचा हुकूम होता हे नि:संशय सिद्ध होत नाही, पण आदेश संदिग्ध होता आणि कडक निषेधाला पात्र होता, असं ठरलं. पाणबुडीयुद्धाच्या नियमभंगासाठी मात्र शिक्षा धरली नाही. अमेरिकी पॅसिफिक आरमाराच्या प्रमुखाने आपणही पहिल्या दिवसापासून तसंच अनिर्बंध पाणबुडीयुद्ध लढलो, असं लेखी दिलं होतं, आणि ब्रिटिशांनीही १९४० मध्ये स्कागेराकमध्ये, म्हणजे डेन्मार्क आणि नॉर्वेमधल्या समुद्रात, दिसेल ते जहाज बुडवायचा हुकूम काढला होता. जर्मन पाणबुडी दलाच्या प्रमुखाला १० वर्षांची शिक्षा झाली, ती इतर आरोपांवर.

यू-१५६ चा कमांडर साक्ष द्यायला उरलाच नव्हता. लॅकोनियानंतर त्याला नाइट्स क्रॉस हे जर्मन लष्करी पदक मिळालं. ८ मार्च १९४३ रोजी बार्बाडोसच्या पूर्वेला अमेरिकी कॅटालिना विमानाने पाणबुडी बुडवली. त्याच विमानाने पाण्यातल्या काही खलाशांसाठी तराफा टाकला, पण नंतरच्या शोधात कुणीच सापडलं नाही. ५३ च्या ५३ गेले, कमांडर ३५ वर्षांचा होता.

असेन्शनच्या हुकुमाबद्दल कुणावर खटला भरला गेला नाही. १९४९ च्या दुसऱ्या जिनिव्हा कराराच्या कलम १८ ने चकमकीनंतर समुद्रात सापडलेल्यांना शोधून वर घेण्यासाठी शक्य ते सगळे उपाय करणं दोन्ही बाजूंवर बंधनकारक केलं. वरून विमान घिरट्या घालत असताना पाणबुडीला नेमकं काय शक्य असतं, यावर कायदेपंडित अजूनही लॅकोनियाचंच उदाहरण घेऊन भांडतात.