हेडगार्ड घ्यायला येण्याआधी एवढं वाचा

कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंगची स्पर्धा जवळ आली की सांगली-मिरजेचे पालक आमच्या दुकानात येतात आणि हमखास विचारतात, "हेडगार्ड घातलं की डोक्याला काही होत नाही ना?"

होऊ शकतं. भुवई फुटणं, कानाला मार बसणं यापासून हेडगार्ड बरंच वाचवतं. पण लाथेने किंवा ठोशाने डोकं झटक्यात वळलं की मेंदू कवटीच्या आत हलतो, आणि तो झटका बाहेरचा फोम अडवू शकत नाही. पुरुषांच्या सर्वोच्च पातळीवरच्या (एलिट) बॉक्सिंगमधून तर २०१३ साली हेडगार्ड काढूनच टाकलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवायच लढले. याचा अर्थ मुलांनी ते काढावं असा अजिबात नाही. घालून बिनधास्त होऊ नये, एवढंच.

फाईटमध्ये डोक्याला मार बसल्यावर मूल गांगरलं, चक्कर किंवा उलटी आली, डोकं दुखलं, स्कोअर आठवेना, तर त्या दिवशी पुढची फाईट नाही. फायनल असली तरी नाही. डॉक्टरांना दाखवा आणि रात्रीही लक्ष ठेवा, कारण त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

आता मापाचं. "वाढत्या अंगाचं द्या" हे शाळेच्या गणवेशाला ठीक आहे. सैल हेडगार्ड फिरून डोळ्यांवर येतं आणि समोरची लाथ दिसतच नाही. पट्टा बांधून मान जोरात हलवून बघा. चेस्ट गार्ड हात वर केल्यावर सरकून बरगड्या उघड्या पडू नयेत.

माऊथ गार्ड सगळ्यात स्वस्त आणि आमच्या मते सगळ्यात आधी घ्यायची वस्तू. गरम पाण्यात मऊ करून चावला की दातांचा ठसा बसतो. भावाचा चालत नाही. दातांना तारा असतील तर आधी दातांच्या डॉक्टरांना विचारा.

कराटेला ग्लोव्ह्जचे लाल आणि निळे असे दोन्ही जोड लागतात. बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज तिथे चालत नाहीत. तायक्वांदोत सेन्सरवाला चेस्ट गार्ड बऱ्याचदा आयोजकच देतात, म्हणून सरांना विचारूनच या, उगाच खर्च नको.

घाम पुसून सामान सावलीत वाळवा, पावसाळ्यात बॅगेत कोंबून ठेवू नका. फोम चिरला की बदला. वापरलेला माऊथ गार्ड आणि सेंटर गार्ड (जांघेचं संरक्षण करणारा) आम्ही परत घेत नाही. आणि मुलाला सोबत आणा, फोनवर सांगितलेल्या मापाने हेडगार्ड देत नाही.